ओठ मिटलेले, दात सुटे

हावोद वेन मळ्यावरच्या एलिनेदने उभ्या आयुष्यात एकदाच स्पर्धेचं मैदान अर्ध्यावर सोडलं, आणि तेसुद्धा मेंढ्या कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी येऊन. उत्तर वेल्सच्या त्या खोऱ्यात ही गोष्ट अजून सांगतात, पण सांगणारे बहुधा तिथेच थांबतात. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

सप्टेंबरातला शनिवार होता. नदीकाठच्या कुरणात मेंढ्या वळवण्याची स्पर्धा लागली होती आणि सगळं खोरं कुंपणाला टेकून उभं होतं. एलिनेदची कुत्री नेल त्या दिवशी सुरेख धावत होती. समोरच्या टेकाडावरच्या पाच मेंढ्या तिने मोठा वळसा घालून उचलल्या, वाटेतल्या दोन्ही फाटकांतून दोऱ्यात ओवल्यासारख्या काढल्या आणि शेवटच्या वाडग्यापाशी आणून उभ्या केल्या. आता एलिनेदने वाडग्याच्या दाराचा दोर धरायचा, नेलला जरा मागे दाबून ठेवायचं आणि मेंढ्या आपल्या पायांनी आत जाईपर्यंत दम धरायचा, एवढंच उरलं होतं. पत्र्याची दुमडलेली चपटी शिट्टी तिच्या ओठांत होती. फुंकण्यासाठी ती शिट्टी दातांत धरायला गेली, आणि जबडा हललाच नाही.

कानाच्या पुढ्यात काहीतरी कट् वाजलं आणि कळ थेट मानेत उतरली. वरचे दात खालच्या दातांवर गच्च बसले होते. "थांब" म्हणायला गेली, तर नाकातून नुसता हुंकार निघाला. नेलने त्या हुंकाराचा अर्थ आपल्या परीने लावला आणि दोन पावलं जास्त टाकली. मेंढ्या फुटल्या. दोघी नदीकडे, तिघी एलिनेदच्या अंगावरून. अजून चार मिनिटं हातात होती, पण शिट्टीशिवाय आणि आवाजाशिवाय ती चार मिनिटं काय कामाची? तिने पंचांकडे पाहून टोपीला हात लावला, चुटकी वाजवून नेलला बोलावलं आणि ताठ मानेने बाहेर आली.

चहाच्या तंबूत गेथिन उभा होता. गेथिन म्हणजे शेजारच्या ब्लाएन-कूम मळ्याचा. शाळेत एकाच बाकावर बसल्यापासून दोघांची चढाओढ चाललेली.

"काय गं एलिनेद," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पन्नास वर्षांत तुला गप्प बसलेली पहिल्यांदाच पाहिली. बिचाऱ्या कुत्रीलाही धक्का बसला बघ."

तंबू हसला. एलिनेदकडे याला उत्तर होतं, आणि झकास होतं. पण ते दातांच्या आतच राहिलं. दातखीळ बसते म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला साठाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर नवऱ्याने, एम्रिसने, मटणाचा आणि कांद्याच्या पातीचा रस्सा केला, बटाटे कुस्करले, सगळं चाळणीतून गाळलं आणि कपात घालून तिच्यापुढे ठेवलं. ती फटीतून ओढत ओढत प्यायली. मग त्याने गरम पाण्यात पंचा पिळून तिच्या गालाला लावला. तासाभराने जबडा बोटभर सुटला.

"हे कधीपासून?" एम्रिसने विचारलं.

"आजच," ती कशीबशी म्हणाली.

"आज कसलं. वीस वर्षं तू झोपेत दात खातेस."

तिने कप खाली ठेवला.

"पहिल्यांदा मला वाटलं, माळ्यावर उंदीर झाले," तो म्हणाला. "सापळे नव्हते का लावले मी, दोन?"

"ते सापळे माझ्यासाठी होते?"

"चीज लावून."

"आणि वीस वर्षं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, तूच घोरतोस. आणि घोरतो मी. हरणाऱ्या भांडणात पडायचं कशाला?"

एलिनेद हसायला गेली आणि कळवळली.

त्या घराण्यात रडगाण्याला जागा नव्हती. तिचा बाप इद्वाल याच जमिनीवर मेंढ्या राखत म्हातारा झाला. काहीही झालं तरी त्याचं एकच सांगणं असे: दात आवळ आणि चालू लाग. एलिनेदने ते अक्षरशः पाळलं होतं. मनगट मोडलं तेव्हा, बर्फाने साठ मेंढ्या गाडल्या त्या हिवाळ्यात, इद्वाल गेला त्या आठवड्यात. कुणी तिला कण्हताना ऐकलं नव्हतं आणि याचा तिला अभिमान होता. तो खोटा होता असंही नाही. त्यापायी झीज कुठे होत होती, तेवढं तिने कधी पाहिलं नव्हतं.

रुथिन गावातल्या दवाखान्यात दातांची डॉक्टर होती मेलेरी. पोस्टमनची मुलगी, जेमतेम तिशीची, हात लहान पण पक्के. तिने एलिनेदचे गाल चाचपले, कानाच्या पुढे बोट दाबून तोंड उघड-मीट करायला लावलं, जेमतेम उघडलेल्या फटीतून आत पाहिलं आणि दातांचा फोटो पडद्यावर लावला.

एलिनेद फोटोकडे पुढे वाकली. दाढांची टोकं सपाट झालेली, एकीचा कोपरा उडालेला, समोरचे दात कातरल्यासारखे आखूड. मेंढीचं वय दातांवरून सांगणं हा तिचा जन्माचा धंदा. दरवर्षी शरदात शंभर-दीडशे मेंढ्यांचे ओठ उचकटून ती ठरवायची, कुणी डोंगरावर आणखी एक हिवाळा काढायचा आणि कुणी बाजारात जायचं.

"अशा तोंडाची मेंढी मी ठेवत नाही," ती म्हणाली. "विकून टाकते."

"तुम्हाला विकायचा विचार नाहीये, मिसेस प्रिस," मेलेरी म्हणाली. "बसा नीट."

मग तिने सरळ सांगितलं. सांधा सुजलाय, म्हणून अडकलाय, तो हळूहळू सुटेल. रात्री वरच्या दातांवर बसवायला एक कडक पारदर्शक कवच करून देते. त्याने दात वाचतील, पण दात खायची सवय काही त्याने जाणार नाही. चावून चावून खायचं काही महिने बंद. सकाळ-संध्याकाळ गरम शेक. दुपारनंतर काळा चहा नको, आणि झोपण्याआधी व्हिस्कीही नको.

"व्हिस्की एम्रिस पितो."

"मग त्याचं चालू द्या. आणि मुख्य म्हणजे दिवसा. तुम्ही दिवसा दात आवळता."

"छे. दिवसा मी कामात असते."

"आत्ता तुमचे दात कुठे आहेत?"

एलिनेदने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि उघडावं लागलं तेव्हाच तिला कळलं की ते घट्ट मिटलेलं होतं. नुसतं मिटलेलं नव्हे. दाढेवर दाढ रोवलेली.

"बघा," मेलेरी हसली नाही. "खाताना आणि गिळताना दात जरासे टेकतात. बाकी दिवसभर ते टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दिवसातून शंभरदा आठवायचं. आवळता कधी, तेही बघून ठेवा. मला सांगा."

"शंभरदा कोण आठवणार, पोरी? माझ्यामागे चारशे मेंढ्या आहेत."

"तुम्हाला दिवसातून शंभरदा काय दिसतं?"

एलिनेदने विचार केला. "फाटकं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांवर खूण करायच्या निळ्या रंगाचा डबा घेऊन ती निघाली आणि हावोद वेनच्या प्रत्येक फाटकाच्या कडीजवळ तिने अंगठ्याएवढा ठिपका काढला. ठिपका दिसला की थांबायचं, दात सोडायचे, मग कडी काढायची. आठवड्याभरात तिला आपलं सगळं चरित्र कळलं. सरकारी पाकिटं फोडताना तिचे दात आवळलेले. वजन उचलताना आवळलेले. एम्रिस ट्रेलर उलटा घेत असताना तर इतके आवळलेले, की तिने तिकडे पाठच फिरवायला सुरुवात केली. ट्रेलर पूर्वीपेक्षा चांगला लागू लागला, असं एम्रिसचं म्हणणं.

पण सगळ्यात जास्त आवळलेले असत ते नेलसोबत. कुत्री सुटली की दात बसायचे, ते ती परत पायाशी येईपर्यंत. ज्या कामात आपल्यासारखं या खोऱ्यात कुणी नाही असं तिला वाटे, तेच काम ती मूठ वळल्यासारखा जबडा वळून करत होती. हे तिला लागलं. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही.

ठिपक्यांची चर्चा मात्र गावभर झाली. पोस्टात बातमी आली की कौन्सिल हावोद वेनमधून नवी पायवाट काढणार. मग बातमी आली की मेंढ्यांना काहीतरी लागलंय. शेवटी गेथिन स्वतः फाटकाशी येऊन उभा राहिला.

"खरं काय ते सांग. माझ्या मेंढ्या तुझ्या कुंपणाला लागून चरतात."

एलिनेदला थाप मारता आली असती. ओठांवर आलीही होती. पण ठिपका समोरच होता, आणि सवयीने तिने आधी दात सोडले. दात सुटले की थाप मारणं अवघड जातं, असं ती नंतर एम्रिसला म्हणाली.

"मी दात खाते," तिने सांगितलं. "रात्रीही, दिवसाही. दाढा झिजल्यात. हे ठिपके मला आठवण द्यायला."

गेथिन तिच्याकडे, मग ठिपक्याकडे, मग परत तिच्याकडे बघत राहिला. "दातांसाठी?" तो म्हणाला. "तुझ्या बापाने हे ऐकलं असतं तर?"

"बापाच्या तोंडात पंचावन्नाव्या वर्षी एक दात नव्हता, गेथिन. कुणी विचारलं का, कशाने?"

गेथिनने फाटक सोडलं आणि घरची वाट धरली.

कवच नोव्हेंबरात आलं. पहिले तीन दिवस तिला ते तोंडात घोड्याचा लगाम घातल्यासारखं वाटलं. चौथ्या सकाळी तिने ते बशीत ठेवलं आणि चहा ठेवायला वळली, तेवढ्यात नेलने बशी साफ केली. अंगणात सापडले ते चार तुकडे. मेलेरीला फोन करून हे सांगायची हिंमत तिला दुपारपर्यंत झाली नाही.

"कुत्रीने?" मेलेरी म्हणाली. "तिचे दात कसे आहेत?"

"उत्तम आहेत."

"मग दुसरं तुमच्यासाठीच करते. डबीत ठेवा. झाकण लावून."

नाताळापर्यंत जबडा दोन बोटं उघडू लागला. सकाळचं डोकं दुखणं, जे वयाबरोबर येतंच अशी तिची समजूत होती, आठवड्यातून एकदोनदाच येऊ लागलं. एम्रिस म्हणाला, रात्री अजून आवाज येतो, पण उंदीर आता लहान झालाय. सगळं मार्गाला लागलं असं वाटलं, आणि तेव्हाच खरी अडचण उभी राहिली.

जानेवारीत ती नेलला घेऊन वरच्या कुरणात गेली, दात सुटे ठेवले आणि शिट्टी फुंकली. सूर निराळाच निघाला. पूर्वी तो सुईसारखा टोकदार असायचा, वरच्या पट्टीतला. आता जबडा सैल, तोंडाची पोकळी मोठी, त्यामुळे सूर खाली उतरला आणि गोल झाला. तिच्या कानाला तो बरा वाटला. नेलला तो परका होता. "डावीकडे"ला ती थांबली, "थांब"ला उजवीकडे गेली, आणि शेवटी मध्येच उभी राहून मालकिणीकडे अशी पाहू लागली, जणू तिथे दुसरंच कुणीतरी उभं आहे. चार वर्षं ती आवळलेल्या जबड्याचा आवाज ऐकत वाढली होती.

एलिनेदने शिट्टी पूर्वीसारखी दातांत आवळून एकदा फुंकून पाहिलं. नेल बाणासारखी सुटली.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बराच वेळ शिट्टी हातात फिरवत बसली.

"स्पर्धेच्या दिवसापुरतं जुन्या पद्धतीने फुंकलं तर?" ती एम्रिसला म्हणाली. "बाकी वर्षभर सुटे."

"तसं कर की."

"सप्टेंबरात काय झालं, विसरलास?"

"मी नाही विसरलो. तू मला विचारत होतीस की स्वतःला?"

ती उठली. "मुळापासून शिकवायचं मग," ती म्हणाली. "दोघींनाही."

आणि शिकवलं. चार वर्षांच्या, बक्षिसं मिळवलेल्या कुत्रीला लांब दोर बांधून, पिल्लाला शिकवतात तसं. एक सूर, एक दिशा, रोज वीस मिनिटं, पाऊस असो की गारा. नेल चुकली की एलिनेदचे दात आपोआप भेटायचे. भेटले की ती शिट्टी काढायची, तोंड सोडायची, खांदे पाडायची आणि परत सुरुवात करायची. कधी वीस मिनिटांतली पंधरा यातच जायची. खालच्या रस्त्याने जाणारी माणसं गाडी हळू करून बघत. हावोद वेनची एलिनेद, आणि कुत्रीला दोर.

मार्चमधल्या बाजारात गेथिनने ते तोंडावर बोलून दाखवलं. "दातांपायी चांगली कुत्री वाया घालवलीस."

"ऑगस्टात बघू," एलिनेद म्हणाली.

"ऑगस्टात तू उतरणार? राष्ट्रीय स्पर्धेत? या कुत्रीला घेऊन?"

"नाव दिलंय."

एप्रिलात मेंढ्या विऊ लागल्या आणि सहा महिन्यांची कमाई जाते की काय, अशी पाळी आली. तीन आठवडे झोप नाही, अंगावर ओले कपडे, अडलेल्या मेंढ्या, गारठलेली कोकरं. कवच डबीतच राही, कारण अंथरुणाला पाठच लागत नसे. एका सकाळी गोठ्यात जुळ्यांचं पहिलं कोकरू बाहेर ओढताना तिने दातओठ खाऊन जोर लावला, आणि कानापुढे तोच कट् आवाज झाला. तिने कोकरू काढलं, दुसरंही काढलं, दोन्ही आईपुढे ठेवली. मग उठून एम्रिसकडे गेली आणि बोटाने जबडा दाखवला.

एम्रिसने बादली उपडी घातली. "बस."

तिने मान हलवली. गोठ्यात अकरा मेंढ्या उरल्या होत्या.

"बस म्हटलं ना. पस्तीस वर्षं झाली, कोकरू कुठल्या बाजूने येतं ते मलाही माहीत आहे."

ती बसली. कोकरांच्या हंगामात, भर सकाळी, हातावर हात ठेवून एलिनेद प्रिस उपड्या बादलीवर बसली, गालाला गरम पंचा लावून. असं त्या गोठ्यात कधी घडलं नव्हतं. एम्रिसने त्या सकाळी चार मेंढ्या सोडवल्या आणि दर वेळी तिच्याकडे बघून नुसती भुवई उडवली. दुपारी जबडा सुटला. मागच्या वेळी नीट उघडायला नाताळ उजाडला होता, या वेळी एक दुपार पुरली. मेलेरीने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, "मिसेस प्रिस, अकरा मेंढ्या सोडून तुम्ही बसलात, याचं मला जास्त कौतुक आहे." फोन ठेवल्यावर एलिनेदने एम्रिसला ते शब्दन् शब्द सांगितलं.

जूनमध्ये एका सकाळी वरच्या कुरणात तिने "डावीकडे" फुंकलं, खालच्या गोल सुरात, आणि नेल गेली. नुसती गेली नाही. पूर्वी ती मेंढ्यांच्या अंगावर जायची, ताणलेल्या तारेसारखी. आता तिचा वळसा रुंद झाला होता. ती मेंढ्यांना अंतर देत होती, आणि मेंढ्या मान वर न करता तिच्यापुढे चालत होत्या. एलिनेदने दोन-तीनदा फिरवून पाहिलं. मग दोर सोडून कुंपणावर टाकला आणि परत कधी बांधला नाही.

ऑगस्टातली राष्ट्रीय स्पर्धा तीन दिवस चालते. दीडशे जण उतरतात आणि पहिले पंधरा वेल्सच्या संघात जातात. इद्वाल चारदा उतरला होता. सगळ्यात वरचा त्याचा क्रमांक विसावा. गेथिन पहिल्या दिवशी धावला आणि चांगला धावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या पंधरांत त्याचं नाव चौदावं होतं. एलिनेदचा नंबर तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर.

ती सुरुवातीच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. दात सुटे होते. नेलला सोडलं. नेल टेकडीवर अशी चढली की कुंपणाशी बोलणं थांबलं. मेंढ्या वरच्या डोंगरावरच्या होत्या, हट्टी, पण वळसा इतका रुंद की त्या दचकल्याच नाहीत. पहिलं फाटक झालं. दुसऱ्या फाटकाशी एक मेंढी बाजूला फुटली आणि गुण गेले. एलिनेदला ते कळलं. दात एकमेकांकडे सरकले, तिने ते परत सोडले आणि पुढचा सूर फुंकला. पाचातल्या दोन मेंढ्या वेगळ्या काढायच्या होत्या, त्या नेलने एका झेपेत काढल्या आणि परत कळपात घातल्या.

मग वाडगं. तिने दोर धरला. दोन मिनिटं उरली होती. चार मेंढ्या दाराशी आल्या आणि पाचवी, काळ्या तोंडाची म्हातारी, दाराकडे पाठ करून नेलसमोर उभी ठाकली आणि पाय आपटू लागली. तिच्यामागे बाकीच्या चार अडल्या. नेल जमिनीला पोट लावून पडली होती, कान मालकिणीकडे.

एलिनेदला दाढेवर दाढ बसलेली जाणवली. कानापुढे ती ओळखीची ओढ लागली. घड्याळ चालू होतं. तिने शिट्टी तोंडातून काढली, गळ्यातल्या दोरीला सोडली, ओठ मिटले आणि दात सोडले. जीभ टाळूला. श्वास नाकाने आत, नाकाने बाहेर. हजारभर माणसांसमोर ती एवढंच करत उभी राहिली. दहा सेकंद गेले असतील, कदाचित पंधरा. कुंपणाशी कुणीतरी "हिला पुन्हा काही झालं की काय" असं पुटपुटलं. एम्रिसने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि तो गप्प झाला.

नेल हलली नाही. म्हाताऱ्या मेंढीने आणखी एकदा पाय आपटला, दुसऱ्यांदा आपटायला उचलला आणि खाली ठेवला. भांडायला समोर कुणी नव्हतं. ती वळली. मग एलिनेद अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पुढे, नेल." नेल एक पाऊल सरकली. पाचही मेंढ्या आत गेल्या. एलिनेदने दार ओढलं आणि कडी घातली.

टाळ्या तिला उशिरा ऐकू आल्या. ती खाली बसून नेलच्या मानेत बोटं खुपसून होती.

निकाल सहाला लागला. एलिनेद प्रिस, हावोद वेन, अकरावी. तिसऱ्या दिवशी तिच्यासह दोघे जण वर आल्यामुळे गेथिन सोळाव्यावर घसरला. पंधराच्या बाहेरचा पहिला. तो गाड्यांच्या रांगेतून चालत तिच्याकडे आला तेव्हा एम्रिस हळूच बाजूला झाला.

"ती पंधरा सेकंद," गेथिन म्हणाला. "मी असतो तर ओरडलो असतो कुत्र्यावर. आणि मेंढी गेली असती."

"मीही ओरडले असते. गेल्या वर्षी."

"चांगली धावली कुत्री. मार्चमध्ये बोललो ते मागे घेतो."

"घे."

तो जायला वळला, थांबला, टोपी नीट केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या रुथिनच्या पोरीचं नाव काय? बायको म्हणते, मी झोपेत दगड फोडतो."

एलिनेदने त्याला नाव दिलं, दवाखान्याचा रस्ता सांगितला आणि एकही टोमणा मारला नाही. तोंडाशी तीन तयार होते.

रविवारी सकाळी चॅपलमध्ये धर्मोपदेशकाने सूचना वाचल्या. बुधवारी शिवणवर्ग, शुक्रवारी सभा, आणि आपल्या हावोद वेनच्या एलिनेद वेल्सच्या संघात निवडल्या गेल्या आहेत. बाकांवरची डोकी एकापाठोपाठ एक मागे वळली. मेलेरी आईवडिलांबरोबर तिसऱ्या रांगेत होती. तिने वळून स्वतःच्या गालावर एक बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. एलिनेदने होकाराची मान हलवली.

मग ऑर्गन वाजला आणि सगळे उठले. एलिनेद उठली. बापाचा भरदार आवाज तिच्याकडे आला होता, असं जुनी माणसं म्हणत, पण कित्येक वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. पहिल्या कडव्याला तिने तोंड उघडलं, आणि ते उघडत गेलं. एम्रिसने गाणं थांबवलं आणि पुस्तक खाली घेतलं. शेजारच्या बाकावरच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं, "गा की रे."

"थांब जरा," एम्रिस म्हणाला. "ऐकतोय."